मुंबईत गच्चीवरून दुर्बिणीतून तारकागुच्छ, दीर्घिका दिसतात का? कोणती दुर्बीण घ्यावी?

तारकागुच्छ दिसतात, दीर्घिका (गॅलेक्सी) नाहीत. "मुंबईत चंद्र-शनी सोडून काही दिसत नाही" असं ज्यांनी सांगितलं, त्यांनी स्वतः कधी गच्चीवर जाऊन डोळा लावलाय का, ते आधी विचारा. आमच्या साडूंचं हेच पालुपद. शहराबाहेर, वांगणीच्या काळोखात गेल्याशिवाय दुर्बीण उघडायचीच नाही, म्हणतात.

मागच्या मे महिन्यात जेवायला आले, तेव्हा त्यांना मुलुंडच्या आमच्या गच्चीवर नेलंच. पाण्याच्या टाकीमागे उभं राहिलं की शेजारच्या टॉवरचा दिवा डोळ्यांवर येत नाही. रात्रीचे साडेदहा झालेले, चित्रा तारा बरोबर दक्षिणेला. तिथून सरळ खाली, हात ताठ करून साडेतीन मुठी मोजल्या की ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ. मुंबईतून हा गुच्छ क्षितिजापासून जेमतेम २३ अंश वर येतो, म्हणजे घाटकोपर-कुर्ल्याचा सगळा उजेड त्याच्यावर. नुसत्या डोळ्यांना काहीच नाही. ८ इंची डॉब्सोनियनला (८ इंच रुंद आरशाची, हाताने फिरवायची साधी दुर्बीण) २५ मिमीचा आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, लावला, तर धुरकट गोळा. साडू म्हणाले, "ढग आहे." मी काही न बोलता १० मिमीचा लावला, १२० पट. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू राहिलेल्या कुरडयांची चादर न्यायला आल्या होत्या. त्यांनीच आधी डोळा लावला. "अगंबाई, रवा सांडलाय की!" मग साडूही बराच वेळ चिकटून होते, पण "वांगणीला याहून छान दिसला असता" म्हणालेच.

असता हो, कोण नाही म्हणतंय? पण पट वाढवले की उजळलेलं आकाश काळं पडतं आणि गुच्छातले तारे ठिपकेच राहतात, म्हणून गुच्छ शहरातही टिकतात. दीर्घिका आकाशाबरोबरच फिक्या होतात, त्यांचा नाद इथे सोडा. फिल्टरही त्यांना वाचवत नाही. त्यापेक्षा शौरी तारकासमूहातला एम१३ गुच्छ (एम म्हणजे मेसिएच्या यादीतला क्रमांक), ज्येष्ठा ताऱ्याला लागून असलेला एम४, आणि पहाटेपर्यंत जागणार असाल तर विंचवाच्या नांगीजवळचा एम७ बघा. अभिजित ताऱ्याजवळचं एम५७ या तेजोमेघाचं कंकणही सापडतं.

दुर्बीण ६ किंवा ८ इंची डॉब्सोनियन घ्या. दुर्बीण फिरवणाऱ्या मोटरवर पैसे घालू नका, आरसा मोठा घ्या. साडूंनी नेमकं उलट केलं.

हां, हे सगळं अमावास्येच्या आसपासच्या रात्रींचं. रंग दिसणार नाहीत, फोटो विसरा. आणि जूनमध्ये पाऊस लागला की आरशाला बुरशी धरते, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा.