लिहायचंय ना? मग आधी आर्किटेक्ट होऊ दे

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेक बी.आर्क.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. डिझाइनमध्ये जेमतेम पास होते, पण इतिहासाच्या पेपरात वर्गात पहिली. आता म्हणते, मला इमारती बांधायच्या नाहीत, त्यांच्याबद्दल लिहायचंय. हा कोर्स सोडून पत्रकारितेला जाते. आणि तुम्ही विचारलंय, लोकांच्या इमारतींवर लिहून पोट भरतं का, आणि त्या लिहिण्यानं शहरातली एक वीट तरी हलते का?

विटेपासून सुरुवात करते.

वास्तुसमीक्षक रेनर बॅनहॅम हे नाव तुमच्या लेकीनं ऐकलं असेल. जन्म १९२२, इंग्लंडमधलं नॉरिच. युद्धाच्या काळात ते ब्रिस्टल एअरोप्लेन कंपनीत विमानाच्या इंजिनांचं काम शिकले. मग गावच्या वर्तमानपत्रात कलेवर लिहू लागले. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी लंडनच्या कोर्टोल्ड संस्थेत कलेचा इतिहास शिकायला गेले आणि पीएचडी झाली १९५८ साली. मधल्या काळात ‘आर्किटेक्चरल रिव्ह्यू’ मासिकात लिहिणं चालूच होतं. ‘लेकीचं वय निघून जाईल’ असं तुम्ही लिहिलंय, म्हणून ही सालं मुद्दाम सांगितली.

पन्नाशीच्या दशकात बॅनहॅम मोटारींवर, घरातल्या यंत्रांवर गंभीरपणे लिहीत होते. त्यांचं म्हणणं असं, की चार वर्षं वापरून टाकून द्यायच्या वस्तूचंही सौंदर्य असतं. देवळाच्या मापानं ते मोजता येत नाही. हे वाचणाऱ्या पिढीतल्या काही तरुण आर्किटेक्टांनी १९६१ मध्ये लंडनमध्ये ‘आर्किग्राम’ नावाचं स्वस्तातलं पत्रक काढलं. सुरुवात पीटर कुक वगैरेंनी केली, पुढे रॉन हेरॉन धरून गट सहा जणांचा झाला. टाकाऊपणाचा तोच विचार त्यांनी थेट शहराला लावला.

कुकच्या १९६४ च्या ‘प्लग-इन सिटी’ची चित्रं लेकीकडून एकदा बघून घ्या. नळ्यांचा अवाढव्य सांगाडा, माथ्यावर रुळांवरून फिरणाऱ्या क्रेन, आणि क्रेननं उचलून जागेवर बसवायच्या घरांच्या डब्या. प्रत्येक भागाचं आयुष्यही ठरवलेलं: स्वयंपाकघर आणि न्हाणीघर ३ वर्षं, झोपायची खोली ५ ते ८, मुख्य सांगाडा ४० वर्षं. फ्रिज जुना झाला की बदलतो, तसं घर बदलायचं. बॅनहॅमनी पत्रकाचा चौथा अंक अमेरिकेत नेऊन तिथल्या लोकांना दाखवला, त्यावर लिहिलं. हे शहर चालेल की नाही ते आर्किग्राम सांगू शकत नाही, पण दिसेल कसं ते नक्की सांगतं, हा त्यांचा निवाडा मला फार प्रामाणिक वाटतो.

ते शहर कधीच उभं राहिलं नाही. पण १९७७ मध्ये पॅरिसला पाँपिदू सेंटर उघडलं. पाइप, हवा खेळवायच्या डक्ट, सरकते जिने, सगळं इमारतीच्या बाहेरच्या अंगाला! रेंझो पियानो आणि रिचर्ड रॉजर्स या आर्किटेक्टांच्या त्या इमारतीत आर्किग्रामची चित्रं ओळखू येतात. आणि मला सगळ्यात मोठी वाटते ती गोष्ट पुढची: १९७६ च्या पुस्तकात बॅनहॅमनी अशा महाकाय रचनांना आधुनिक वास्तुकलेचे डायनोसॉर म्हटलं. ज्या स्वप्नाला हात दिला त्याचा हिशेबही स्वतःच मांडला.

आपल्याकडे बघा. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली, ती मुंबईच्या ‘मार्ग’ या कलेच्या मासिकात. ते शहर वसवायला १९७० मध्ये सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं. आज नवी मुंबईत लाखो लोक राहतात. तिघांपैकी दोघं आर्किटेक्ट, एक इंजिनिअर.

म्हणून ताई, कोर्स सोडू देऊ नका. बॅनहॅमच्या लिहिण्याला धार होती कारण यंत्र कसं चालतं ते त्यांना ठाऊक होतं. स्लॅब कुठे गळतो, डक्ट कुठून न्यायची, हे तिला नुसतं वाचून कळणार नाही. दोन वर्षं राहिलीत. डिझाइनमध्ये पहिली यायची गरज नाही, पण काम समजायलाच हवं.

पैशाचं स्पष्ट सांगते. फक्त वास्तुसमीक्षा लिहून घर चालवणारी नोकरी मराठीत मला माहीत नाही. बॅनहॅमही लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आणि पुढे अमेरिकेत शिकवतच होते. आपल्याकडेही शिकवणं हाच पाया धरा, आणि त्याला मास्टर्स लागतं. लंडनला जायचं झालं तर बार्टलेटमध्ये, म्हणजे त्याच युनिव्हर्सिटी कॉलेजच्या वास्तुकलेच्या शाखेत, वास्तु-इतिहासाचं मास्टर्स आहे. बॅनहॅम शिकवायचे ती हीच संस्था. खर्च मोठा आहे, शिष्यवृत्तीशिवाय कर्ज काढू नका.

तोवर तिला एक काम द्या. बेलापूरला कोरियांनी ऐंशीच्या दशकात आर्टिस्ट्स व्हिलेज बांधलं. लहान घरं, मध्ये सामाईक अंगणं, कुटुंबानं पुढे हवं तसं वाढवायचं. काहींनी मजले चढवले, काहींनी मूळ घर पाडून नवं बांधलं. लेकीला दोन दिवस तिथे जाऊ दे. एका अंगणाभोवतीची घरं मोजून काढायची, काय वाढवलं आणि का, ते राहणाऱ्यांना विचारायचं, आणि दीड हजार शब्द लिहायचे, सोबत हातानं काढलेला प्लॅन. प्लॅन हवाच. ते मला पाठवा, मास्टर्सचं आपण त्यानंतर बोलू.