बेळगावात घडणाऱ्या माझ्या थरारकथेत वय उलटं फिरवणारा शोध कुठल्या खऱ्या विज्ञानावर बेतू?

यामानाका घटकांवर बेता, म्हातारी पेशी तरुण करण्याचा आज सगळ्यात भक्कम आधार तोच आहे. इथल्या कॉलेजात जैवतंत्रज्ञान शिकवताना हा भाग मी दरवर्षी घेते. क्योटो विद्यापीठाच्या शिन्या यामानाकांनी २००६ मध्ये उंदराच्या पेशींत चार जनुकं, म्हणजेच हे यामानाका घटक, घालून त्या पेशींना शरीरातली कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या मूळपेशींसारखं बनवलं. २०१२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा याच कामासाठी. पण पेशी पार मागे गेली की आपलं काम विसरते आणि शरीरात गाठी धरतात. तुमचा थरार इथेच आहे! २०१६ मध्ये अमेरिकेतल्या साल्क संस्थेत हीच जनुकं दोन दिवस चालू, पाच दिवस बंद ठेवली, तेव्हा अकाली म्हातारे होणारे उंदीर जास्त जगले. म्हणजे कथेत कुणीतरी ते पाच दिवस थांबायला तयार नसावं.

मात्र अख्खा माणूस असा तरुण झाल्याचं उदाहरण नाही, म्हणून खानापूरच्या जंगलातली प्रयोगशाळा काल्पनिकच ठेवा. आणि पुराव्यासाठी आपल्याकडचे कागद वापरा, ही संधी सोडू नका: १९५६ च्या आधीचा, मुंबई राज्यातला मराठी शाळेचा दाखला, आताचा कन्नडमधला जमिनीचा उतारा, दोन्हीवर नाव एकच, आणि समोर उभा चाळिशीचा माणूस.