गालावरचा तीळ काढावा का?

प्रश्न : माझ्या गालावर लहानपणापासून उंचवट्याचा तीळ आहे. लग्न ठरल्यामुळे तो काढावासा वाटतो. वाडीतल्या एक काकी चुना आणि पापडखार लावून तीळ जाळतात. तसे करावे का? (एक वाचक, मालवण)

उत्तर : कृपया तसे करू नका. चुन्याने त्वचा खोलवर भाजते आणि व्रण मूळ तिळाहून ठळक राहू शकतो. शिवाय जळालेल्या तिळात कर्करोग होता का, हे तपासता येत नाही, आणि माझ्या मते हेच मोठे नुकसान आहे. त्वचारोगतज्ज्ञ जागा बधिर करून तीळ छाटतात किंवा मुळासकट काढून टाके घालतात, आणि काढलेला तुकडा तपासणीसाठी पाठवता येतो. लेझरनंतर मात्र तपासायला काही उरत नाही. चेहऱ्यावरचे टाके साधारण 5 ते 7 दिवसांत निघतात, पण डाग फिकट व्हायला कित्येक महिने लागतात, म्हणून तारीख जवळ असेल तर घाई करू नका.

तीळ वाढू लागला, कडा वेड्यावाकड्या झाल्या, रंग बदलला किंवा रक्त आले, तर लगेच दाखवा. आपल्याकडे मेलानोमा हा तिळासारखा दिसणारा त्वचेचा कर्करोग दुर्मीळ असला, तरी तो बहुधा तळपायावर किंवा नखाखाली आढळतो, जिथे कोणाचे लक्ष जात नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांचे तळवेही एकदा पाहून घ्या.