उजव्या कडेचे लॅटिन

प्रिय विद्यार्थ्यास,
अनेक आशीर्वाद.

'नेगिमा' या मांगाच्या, म्हणजे जपानी चित्रकथेच्या, काही प्रकरणांचा तुझा मराठी मसुदा दोनदा वाचला. संवाद सहज उतरले आहेत. मी अडखळलो तो मंत्रांपाशी. 'जादुई बाण' असे लिहून तू पुढे गेलास आणि त्या जागचे लॅटिन गाळलेस, म्हणून हे पत्र.

केन आकामात्सू यांची ही मालिका २००३ ते २०१२ या काळात साप्ताहिकातून प्रसिद्ध झाली. मांगातील संवाद उभे छापलेले असतात आणि कांजीच्या, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या अर्थवाहक अक्षरांच्या, उजव्या कडेला बारीक अक्षरांत त्यांचा उच्चार, म्हणजे फुरिगाना, दिलेला असतो. एरवी ही सोय वाचता न येणाऱ्या अक्षरांसाठी असते. आकामात्सू मात्र मंत्राचा अर्थ कांजीत ठेवतात आणि कडेला काताकाना या उच्चारदर्शक लिपीत लॅटिन देतात, त्यामुळे डोळ्यांना अर्थ आणि कानांना परका ध्वनी एकाच वेळी मिळतो. हे दोन्ही नेहमी जुळतातच असे नाही. तुझ्या त्या मंत्राच्या कडेला 'सागिता मागिका', म्हणजे 'जादूचा बाण', असे आहे, पण कांजी म्हणते 'जादूचा धनुर्धर'. ही विसंगती लेखकाने ठेवलेली आहे आणि ती बुजवण्याचा अधिकार अनुवादकाला नाही. 'जादूचा धनुर्धर' मजकुरात आणि 'सागित्ता मागिका' त्याच्या शिरावर बारीक टाइपात, असे मी करीन.

'सागित्ता' असे द्वित्त मी मुद्दाम लिहिले. काताकानात ते गळले आहे, शिवाय त्या लिपीत 'र' आणि 'ल' यांचा भेदही उरत नाही. म्हणून ऐकू येते तसे शब्दकोशात शोधशील तर हाती काही लागणार नाही. आधी मूळ लॅटिन वर्णलेखन निश्चित करावे, मग विभक्ती पाहावी. शाळेत संस्कृत शिकलेल्याला हे जड जाऊ नये. 'मिनिस्त्रा मागी' यातील 'मागी' हे रूप प्रथमेचे अनेकवचनही असते आणि षष्ठीचे एकवचनही; येथे षष्ठी घेतली की 'मांत्रिकाची सेविका' हा अर्थ लागतो. मारी यामाझाकी यांच्या 'थेर्माए रोमाए' या मांगाच्या शीर्षकात तर गंमतच आहे: 'रोमाए' म्हणजे 'रोमची' आणि 'रोममध्ये'ही, म्हणजे षष्ठी आणि सप्तमी एकाच रूपात. (एरवी 'रोम'मधला 'ओ' दीर्घ लिहिणाऱ्या जपानीत या शीर्षकात तो ऱ्हस्व झाला आहे. आपल्या 'ओ'ला ही अडचणच नाही.)

इंग्रजीच्या वाटेने जाऊ नकोस. काताकानात 'योविस' ('ज्युपिटरचा') असताना तू 'जोव्हिस' लिहिले आहेस. जपानी लेखक बहुधा प्राचीन उच्चार पाळतात. यामाझाकी आणि तोरी मिकी यांच्या मालिकेचे नाव त्या रोमन लेखकाच्या नावावरून 'प्लिनियुस' आहे, इंग्रजीतले 'प्लिनी' नव्हे. सीझर मात्र मराठीत रुळलेला आहे, त्याला 'काएसार' करण्याचा हट्ट मी धरणार नाही.

लॅटिनच्या जागी संस्कृत मंत्र घालण्याची तुझी सूचनाही मला पटली नाही. संस्कृत आपल्याला अर्धे कळते आणि त्यामागून देवघर येते. जपानी वाचकाला लॅटिन तसे ओळखीचे नसते.

सुधारित मसुद्याबरोबर मूळ पानांच्या प्रतीही पाठव. उजवी कड कापली जाणार नाही एवढे पाहा.

तुझा,
एक जुना अनुवादक