सिलिकॉन फोटोमल्टिप्लायरचं सिम्युलेशन साध्या लॅपटॉपवर होईल का?

नागपुरात एमएस्सी फिजिक्सला आहात, हाताशी फक्त लॅपटॉप आहे, आणि कणभौतिकीच्या डिटेक्टरमधल्या सिलिकॉन फोटोमल्टिप्लायरचं (एकेक फोटॉनही टिपणाऱ्या, बारीक सेलच्या जाळीने बनलेल्या प्रकाश-सेन्सरचं) सिम्युलेशन प्रोजेक्टला घ्यावं का, असं विचारलंय. घ्या, बिनधास्त. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेत वापरतात तेच जिआंट-4, म्हणजे कण पदार्थातून जाताना काय होतं याचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं.

1 सेंमी जाडीची प्लास्टिक सिंटिलेटरची, म्हणजे कण आरपार गेला की चमकणाऱ्या प्लास्टिकची, पट्टी घ्या; तिचा प्रकाश सेन्सर टिपेल. वैश्विक किरणांतला म्युऑन (इलेक्ट्रॉनसारखाच, पण जड कण) तिच्यात साधारण 2 एमईव्ही ऊर्जा सोडतो, दर एमईव्हीमागे सुमारे 10,000 फोटॉन, म्हणजे एका म्युऑनमागे वीसेक हजार. एवढं लॅपटॉपला झेपतं. मात्र पट्टीभोवतीच्या हवेलासुद्धा अपवर्तनांक द्या. नाही दिलात तर हवेच्या सीमेवर आलेला फोटॉन तिथेच गायब होतो, एरर काही येत नाही, आणि आपण बसतो सेन्सरला दोष देत.

खरी मजा पुढे आहे. फोटॉन सेन्सरवर पोचला, एवढंच जिआंट सांगतं. पुढचं पायथॉनमध्ये तुम्हीच लिहायचं: किती टक्के फोटॉन पकडले जातात, एक सेल पेटल्यावर शेजारच्या सेलमध्ये उडणारा क्रॉसटॉक, त्याच सेलमधून जरा वेळाने पुन्हा येणारा आफ्टरपल्स, आणि अंधारातही आपोआप येणारे डार्क काउंट. शिवाय सेल मोजकेच. 3 बाय 3 मिमीच्या सेन्सरवर 50 मायक्रॉनचे 3,600 सेल बसतात. एका क्षणी 3,600 फोटॉन पकडण्याजोगे आले, तरी पेटतात 2,275च्या आसपास, कारण एकाच सेलवर दोन-तीन पडतात.

माझं मत विचाराल तर प्रोजेक्टचा विषय तापमान ठेवा. डेटाशीटमधले आकडे बहुधा 25 अंशांचे असतात, आणि आपल्याकडे नवतपात कूलरसमोरही तेवढं तापमान मिळणं मुश्कील! दर 8-10 अंशांना डार्क काउंट दुप्पट होतात, म्हणजे 45 अंशांना निदान चौपट. पण नुसतं चारने गुणून मोकळे होऊ नका. तापमानाबरोबर ब्रेकडाउन व्होल्टेजही (ज्याच्या वर गेल्यावरच सेल फोटॉनने पेटतो ते) चढतं. तुमचा पुरवठा तेवढाच राहिला तर ओव्हरव्होल्टेज (ब्रेकडाउनच्या वर उरणारं व्होल्टेज) घटतं, मग गेन (एका फोटॉनमागे सिग्नल किती पट वाढतो ते) आणि फोटॉन पकडण्याची क्षमताही घटते, आणि डार्क काउंटची वाढ थोडी दबते. ही ओढाताण कोडमध्ये बसवलीत तर व्हायव्हात बोलायला भरपूर मिळेल.

पडताळणीसाठी सिम्युलेशनमध्ये दोन पट्ट्या एकीवर एक ठेवून कोइन्सिडन्स, म्हणजे दोन्हींत एकाच वेळी आलेले सिग्नल, मोजा. आडव्या ठेवलेल्या पृष्ठभागावर दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला साधारण एक म्युऑन येतो, म्हणजे 10 बाय 10 सेंमीच्या पट्टीवर शंभरेक. अंतर जास्त ठेवलंत तर तिरके म्युऑन निसटतात आणि आकडा खाली येतो.