पाळलेल्या मुंगळ्यांना काय खायला द्यावं? मेलेल्या रातकिड्यावर पांढरे ठिपके हलताना दिसतायत, ते काय आहे?

तुम्ही विचारलंय की काळ्या मुंगळ्यांची राणी आणि चाळीसेक कामकरी आहेत, त्या राहतात त्या नळीला (टेस्ट ट्यूबला) खाणं ठेवायची प्लॅस्टिकची पेटी जोडली आहे, तर साखरपाणी किती वेळा द्यायचं, ठिपके कसले आहेत आणि पुढे नेस्ट, म्हणजे तयार कृत्रिम वारूळ, कुठला घ्यायचा. पण त्यातच तुम्ही सहज लिहून गेलात, की ‘बागेतले किडेच देतो, कारण तेच नैसर्गिक असं सगळे सांगतात.’ खरं तर मी त्या एका वाक्यासाठी लिहायला बसलोय. ‘जंगलात मुंग्यांना किडे कोण उकळून देतं?’ हा टोमणा मुंग्या पाळणाऱ्यांत इतका फिरलाय की नवीन माणूस तो नियम म्हणूनच घेतो.

जंगलात कोणी उकळून देत नाही, बरोबर. पण पहिल्या पावसात उडालेल्या राण्यांपैकी बहुतेक सगळ्या वसाहत उभी राहायच्या आत मरतात, तेही नैसर्गिकच आहे. शिवाय जमिनीतली वसाहत आपला उकिरडा वारुळापासून लांब नेऊन टाकते आणि कीड फारच वाढली तर सगळं बिऱ्हाड हलवते. तुमच्या पेटीत उकिरडा म्हणजे पलीकडचा कोपरा, नळीच्या तोंडापासून वीतभर. हलायला जागाच नाही. त्यामुळे निसर्गात निभावून जाणारी घाण पेटीत निभत नाही.

बाहेरच्या किड्याबरोबर दोन गोष्टी येतात, विष आणि कीड. विष जास्त वाईट, कारण त्यावर घरी काही इलाज नाही. झुरळांसाठी कपाटाच्या बिजागरीत जे जेल लावतात ते मुद्दाम सावकाश मारणारं असतं, म्हणजे झुरळ परत जाऊन इतरांनाही मारेल. असं झुरळ तुम्ही पकडता तेव्हा ते टुणटुणीत असतं. वाळवीची ट्रीटमेंट झालेल्या सोसायटीतली पंखाळी वाळवी, डेंगीच्या धूरफवारणीनंतर दिव्याखाली पडलेले किडे, फवारलेल्या शेतातला नाकतोडा, सगळ्यांचं तेच. मुंग्या पोटातलं अन्न एकमेकींना तोंडातून भरवतात, म्हणून एका कामकरणीने चाटलेलं विष राणीपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. आणि हे नीट लक्षात ठेवा की फ्रीजरमध्ये ठेवल्याने किंवा उकळत्या पाण्यात बुडवल्याने कीड मरते, विष तसंच राहतं.

किडीचं म्हणाल तर एखादा नाकतोडा धरून त्याचे पंख उचलून बघा. पुष्कळदा पंखाच्या मुळाशी टाचणीच्या डोक्याएवढे लालभडक मणी चिकटलेले दिसतात. ती माइटची, म्हणजे कोळ्याच्या जातकुळीतल्या बारीक किडीची, पिल्लं, नाकतोड्याचं रक्त पिऊन फुगलेली. हे झाले दिसणारे. न दिसणारे बरेच असतात.

म्हणून पाळीव किडे वापरा. ॲरोवानासारखे मासे किंवा पक्षी पाळणाऱ्यांसाठी मीलवर्म आणि सुपरवर्म (दोन्ही भुंग्यांच्या अळ्या) मिळतात, काही ठिकाणी रातकिडेही. मीलवर्म सगळ्यात सोपे: डब्यात तीन-चार सेंटीमीटर गव्हाचा कोंडा आणि वर गाजराची चकती, जी मऊ पडायच्या आत बदलायची. मात्र पाळीव म्हणजे स्वच्छ असं धरून चालू नका. पावसाळ्यात कोंडा दमट झाला की डब्याच्या कडेला फिकट तपकिरी धूळ चढलेली दिसते. ती चिमूटभर घेऊन काळ्या कागदावर ढीग करा. पंधरा-वीस मिनिटांनी ढीग पसरलेला दिसला तर ती धूळ नाही, धान्यातले माइट आहेत. बोटांत चुरडल्यावर पुदिन्यासारखा वास आला तर शंकाच नको. तो कोंडा फेकायचा, डबा कढत पाण्याने धुऊन उन्हात वाळवायचा आणि नवा कोंडा कढईत कोरडा भाजून, पूर्ण गार करून भरायचा. जुन्यातले मीलवर्म बारीक चाळणीने चाळून घ्या.

किडा द्यायची रीत: उकळतं पाणी कपात ओता, त्यात किडा अर्धा ते एक मिनिट, मग टिश्यूवर कोरडा करायचा. पातेल्यात चार-पाच मिनिटं खदखदवू नका, आतला गर घट्ट होतो आणि मुंग्यांना चाटता येत नाही. किडे फ्रीजरमध्ये ठेवणार असाल तर निदान दोन दिवस ठेवा, पण माइटची अंडी कधीकधी त्यातूनही वाचतात, म्हणून बाहेर काढल्यावर कढत पाणी हवंच. नंतर ब्लेडने कापा. मोठी मुंगी असली तरी मीलवर्मचं कवच टणक असतं. कापलं की गर उघडा पडतो आणि मुंग्या तुकडा नळीत ओढून न नेता पेटीतच बसून खातात, हा खरा फायदा. रातकिड्याच्या मागच्या तंगड्या काढून टाका, त्यात खाण्यासारखं फार नसतं आणि नळीत त्याच अडकून राहतात.

चाळीस कामकऱ्यांना एका वेळी अर्धा मीलवर्म, तीन-चार दिवसांनी एकदा, पुरे. कारण पूर्ण वाढलेली मुंगी घट्ट अन्न गिळूच शकत नाही. तिच्या तोंडातल्या गाळणीतून फक्त रस आत जातो आणि चोथ्याची गोळी करून ती थुंकते. घट्ट प्रथिनं पचवतात त्या अळ्या. नळीत अळ्या नसतील तर तुकडा पडून राहणार, मग देऊ नका. उन्हाळ्यात उरलेला तुकडा चोवीस तासांनी काढा, पावसाळ्यात बारा तासांनी.

आता तुमचे पांढरे ठिपके. उरलेल्या रातकिड्यावर रेंगाळणारे, गोलसर, पांढुरके असतील तर ते मुंग्यांच्या अंगावर जगणारे नाहीत. ते बुरशी आणि सडकं खातात. म्हणजे तुमच्या पेटीत ओल आहे आणि जेवण उरतंय. पण ‘निरुपद्रवी आहेत, सोडून द्या’ हा सल्लाही अर्धवट आहे. खाणं संपलं किंवा पेटी सुकली की यातल्या काही जातींची पिल्लं एका वेगळ्या अवस्थेत जातात: तोंड निकामी, अंगाखाली चोषक, आणि काम एकच, जो किडा जवळून जाईल त्याला चिकटून प्रवास करायचा. तुमच्याकडे जवळून जाणारा किडा म्हणजे मुंगळाच. दहा-वीस चिकटले तर काही होत नाही. शेकड्यांनी डोक्यावर आणि पायांच्या सांध्यांवर बसले की मुंगी दिवसभर अंग साफ करत बसते, आणि अशी अवस्था राणीची झाली की अंडी थांबतात. याउलट अंगावर एखाददुसराच, पण मोठा, तपकिरी, पोटाच्या पट्ट्यांमधल्या मऊ भागाला धरून बसलेला दिसला तर तो रक्त पिणारा असू शकतो. ती वसाहत लगेच इतरांपासून दूर ठेवा.

उपाय असा: आठवडाभर प्रथिनं बंद, फक्त साखरपाणी. निरोगी वसाहत एवढं सहज काढते. पेटीतला उकिरडा, म्हणजे रिकामे कोष, चोथ्याच्या गोळ्या, मेलेल्या मुंग्या, ओल्या इअरबडने उचला आणि पेटी कोरडी ठेवा. नवी नळी तयार करून तिच्यावर काळा कागद गुंडाळा, जुनीवर उजेड पाडा. मुंग्या आपल्या आपण हलतील, झटकून हलवू नका. आणि कुत्र्याच्या गोचिडांची पावडर, स्प्रे, स्पॉट-ऑनचे थेंब ‘थोडंसंच’ म्हणूनही नको. माइट मारणारी ही औषधं मुंग्या आधी मारतात. कुत्र्याला औषध लावलेल्या हातांनी पेटीही उघडू नका.

माइटपेक्षा मला धास्ती असते ती कुबड्या माशीची, मेगासेलिया स्केलॅरिसची. लोक तिला चिलट समजतात. केळ्यावरच्या चिलटाचे डोळे लाल असतात आणि हात नेला की ते उडतं. ही माशी तपकिरी, पाठीवर कुबड, दोन-तीन मिलिमीटरची, आणि हात नेला की उडण्याआधी झटके देत पळते. मेलेल्या रातकिड्यावर अंडी घालते आणि उबदार हवेत दोनेक आठवड्यांत पुढची पिढी बाहेर. वसाहत लहान आणि अशक्त असेल तर तिच्या अळ्या मुंग्यांच्या अळ्या-कोषांतही शिरतात. मच्छरदाणीची जाळी हिला अडवत नाही. हवेच्या भोकांना स्क्रीन प्रिंटिंगवाले वापरतात ते बारीक कापड ग्लू गनने चिकटवा. पेटीबाहेर वाटीत व्हिनेगर आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब ठेवलात की उडणाऱ्या थोड्या कमी होतात, पण मूळ कारण पेटीतला मेलेला किडाच आहे.

साखरपाण्याचं मोजक्यात सांगतो. एक चमचा साखर, तीन-चार चमचे उकळून गार केलेलं पाणी. आठवड्यातून दोनदा, कापसाच्या बोळ्यावर किंवा फॉइलच्या तुकड्यावर छोटा थेंब; उघड्या डबक्यात लहान कामकरी बुडतात. उन्हाळ्यात दोन दिवसांत आंबतं, बदला. मध चालतो, गुळाचं पाणीही चालतं, पण ते लवकर बुरशी धरतं. साध्या पाण्याची सोय वेगळी हवीच. पुरेसं झालं की नाही ते मुंगळ्याच्या पोटावर वाचता येतं: भरलेल्या पोटाच्या काळ्या पट्ट्या एकमेकींपासून सरकतात आणि मधला फिकट, पातळ पडदा दिसायला लागतो. बहुतेक कामकरी अशा दिसत असतील तर पुढचा हप्ता टाळा. या मुंगळ्यांचं बाहेरचं मुख्य जेवण मावा आणि पिठ्या ढेकणाचा गोड चिकटा हेच आहे, म्हणून ‘प्रथिनं जितकी जास्त तितकी वसाहत जोमात’ हेही खोटं. ऑड्री द्युसुतूर आणि स्टीफन सिम्पसन या संशोधकांनी २०१२ साली प्रयोगाने दाखवलंय की प्रथिनांचं प्रमाण फार वाढवलं तर कामकरी लवकर मरतात.

घरातल्या बारक्या मुंग्या हा शेवटचा शत्रू. एकदा त्यांना साखरपाण्याचा माग लागला की रात्रीत शेकड्यांनी येतात आणि लहान वसाहत संपवतात. फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची जुनी रीत इथे उत्तम चालते, दोन अटींवर. पाण्यात साबणाचा थेंब हवा, नाहीतर धुळीची साय धरते आणि त्या तिच्यावरून चालत येतात. आणि पेटी, वायर, पडदा यातलं काहीही भिंतीला टेकलेलं नको. पाणी दर आठवड्याला बदला, नाहीतर डेंगीचे डास पाळाल. कीटकनाशक खडूची रेघ मारू नका, आणि डासांचं लिक्विड मशीन त्या खोलीत लावू नका. दोन्हींत पायरेथ्रॉइड हे किडे मारणारं रसायन असतं.

नेस्टबद्दल एवढंच, की चाळीस कामकऱ्यांना नळी पुरते. मोठ्या नेस्टमध्ये त्या रिकाम्या खोल्यांत उकिरडा करतात आणि तुमचा चिमटा तिथे पोचत नाही. शंभरेक झाल्या की बघा.

ज्या घरांत फ्रीजमध्ये किडे ठेवायला कोणी परवानगी देणार नाही, आणि ती पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी भटकर आणि व्हिटकॉम्ब या कीटकशास्त्रज्ञांनी १९७० साली प्रसिद्ध केलेलं खाद्य आहे: एक अंडं, ६२ मिली मध, ५ ग्रॅम अगर म्हणजे आपलं चायना ग्रास, १ ग्रॅम जीवनसत्त्व-खनिजांची पूड, ५०० मिली पाणी. अर्ध्या पाण्यात अगर उकळून कोमट होऊ द्यायचं, उरलेल्या पाण्यात बाकीचं घुसळून त्यात मिसळायचं, वड्या पाडून फ्रीजमध्ये. मुंगळे हे खातात, पण अळ्या भराभर वाढवायच्या असतील तर अधूनमधून किडा द्यावाच लागतो.

वरचं सगळं काळ्या मुंगळ्यांसाठी आहे. हार्पेग्नाथोस, म्हणजे घाटातली उडी मारून शिकार करणारी मुंगी, हलणाऱ्या भक्ष्यावर झेपावते, तिला उकडलेला तुकडा देऊन भागत नाही. तिथे जिवंत किडा द्यावाच लागतो, मात्र स्वच्छ डब्यात वाढवलेला लहान रातकिडा, बागेतला नव्हे. आणि तुम्ही बागेतलेच देणार असाल, तर निदान ज्या बागेत वर्षभर काय फवारलं ते तुम्हाला स्वतःला ठाऊक आहे तिथलेच द्या, कढत पाण्यातून काढून, आणि आधी एकच तुकडा दहा-बारा कामकऱ्यांना वेगळ्या डबीत देऊन तीन दिवस थांबा.