मासा मोठेपणी केवढा होणार, ते आधी पाहा

प्रश्न : ताई, आमच्याकडे २ फूट लांब, १ फूट रुंद आणि १५ इंच उंच अशी काचेची टाकी आहे. चार वर्षं तीत गोल्डफिश होते. आता नऊ वर्षांच्या मुलीला नारिंगी क्लाउनफिश आणि तो निळा ब्लू टँग हवाय. दुकानदार म्हणतो, मासे छोटेच आहेत, दोन-दोन सहज राहतील. टाकी पहिल्या मजल्यावरच्या बाल्कनीत ठेवावी म्हणतो. मिरामारहून समुद्राचं पाणी आणलं तर चालेल ना?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : ब्लू टँग आणू नका. मुलगी हिरमुसेल हे कळतं, तरीही हे मी आधीच सांगते, कारण बाकी सगळं जमून येईल, हे जमणार नाही.

दुकानात तुम्ही पाहिलात तो दोन इंचांचा मासा म्हणजे पिल्लू आहे. पूर्ण वाढला की तो जवळपास ३० सेंटिमीटर होतो, म्हणजे फूटभर. तुमची टाकी एक फूट रुंद. त्यात तो वळणार कसा? हा दिवसभर पोहत राहणारा मासा आहे आणि नीट सांभाळला तर दहा वर्षांहून जास्त जगतो. त्याला निदान सहा फूट लांबीची टाकी लागते. शिवाय बाजारात येणारे बहुतेक ब्लू टँग प्रवाळांतून पकडून आणलेले असतात. बंदिस्त पाण्यात त्याची पिल्लं पहिल्यांदा जगवली ती २०१६ साली, फ्लोरिडा विद्यापीठात. इतकं ते अवघड.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. २००८ साली फोंड्याच्या घरी माझ्या तीन फुटी टाकीत मी ब्लू टँग आणला होता. मलाही दुकानात तेच सांगितलं होतं, 'राहील हो.' चार महिने तो काचेला समांतर नुसता इकडून तिकडे जात राहिला. मग अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके आले, आणि तीन दिवसांत तो गेला. ठिपक्यांचा तो परजीवी ताणाखालच्या माशाला लवकर धरतो हे मी नंतर शिकले. सकाळी टाकीच्या तळाशी तो आडवा पडलेला अजून डोळ्यांपुढून जात नाही. तुमच्या मुलीला ते बघायला लागू नये.

आता टाकीचं. लहान टाकी सांभाळायला सोपी, असं सगळ्यांना वाटतं. खाऱ्या पाण्यात नेमकं उलट आहे. तुमच्या टाकीचं माप लिटरमध्ये ७० भरतं, पण दगड, वाळू आणि वरची रिकामी जागा सोडली की पाणी राहतं ५५ लिटरच्या आसपास. एखादा मासा रात्री दगडामागे मेला, किंवा पाहुण्या पोराने चिमूटभर खाणं जास्त टाकलं, तर त्यातून निघणारा अमोनिया या ५५ लिटरमध्येच मुरतो. तीच चिमूट दीडशे लिटरमध्ये पडली तर विष जवळजवळ एक तृतीयांश झालं, आणि तुम्हाला सकाळपर्यंत वेळ मिळाला. मी नवशिक्यांना मोठी टाकी घ्या म्हणते ती एवढ्यासाठी. चूक तर होणारच आहे, ती सोसायला पाणी हवं.

म्हणून तुम्हाला माझा सल्ला ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशा टाकीचा. एकूण १९० लिटर, प्रत्यक्षात पाणी दीडशेच्या आसपास. काच १० मिलिमीटरची घ्या. शोभेसाठी उंच, खांबासारख्या टाक्या मिळतात, त्या नकोत. मासे आडवे पोहतात, आणि प्राणवायू पाण्याच्या वरच्या पृष्ठभागातून आत शिरतो, तेव्हा तो पसरट हवा. या टाकीत क्लाउनफिशची एक जोडी आणि पुढे एखादा गोबी, म्हणजे तळाशी राहणारा छोटा मासा, सुखाने राहील. क्लाउनफिश आठ-नऊ सेंटिमीटरच्या पलीकडे फारसा जात नाही. जोडी घेताना एक मोठा, एक लहान असा घ्या. हे सगळे मासे जन्मतः नर असतात आणि जोडीतला मोठा मादी होतो; मुलीला हे सांगा, तिला ब्लू टँगचा विसर पडेल. मासे पैदास केंद्रातलेच मागा. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीचं तंत्र केव्हाच बसवलंय, तेव्हा समुद्रातून पकडलेला घ्यायचं कारण उरत नाही. समुद्रफूल, म्हणजे ॲनिमोन, लगेच नको. त्याला जुनी, मुरलेली टाकी आणि भरपूर प्रकाश लागतो. क्लाउनफिशचं त्याच्यावाचून काही अडत नाही. स्वस्तात मिळणारे निळे डॅमसेलही टाळा, ते फार भांडखोर.

बाल्कनी मात्र नको. पाणी, काच, दगड, स्टँड मिळून पावणेतीनशे किलो होतील, आणि तेही एकाच जागी, कायमचे. वर दुपारचं ऊन. टाकी तळमजल्यावर ठेवा, किंवा वरच ठेवायची तर आतल्या भिंतीलगत, खाली तुळई आहे हे इंजिनियरला विचारून. घर जुनं चिरेबंदी असेल आणि माडीची जमीन लाकडी असेल तर माडीचा विचारच सोडा.

मिरामारचं पाणी नको. मिरामार म्हणजे मांडवीचं मुख. पावसाळ्यात नदी गोडं पाणी घेऊन येते आणि क्षारता उतरते. त्यात बोटींचं तेल, शहराचं सांडपाणी. आरओच्या पाण्यात मत्स्यालयाचं खास मीठ विरघळवा, लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम नसतं. घनता हायड्रोमीटरवर १.०२५ यायला हवी. पाणी आटतं, मीठ आटत नाही. तुमच्या जुन्या टाकीत १३ इंच पाणी असताना एक इंच आटलं तर हजारी ३५ ची क्षारता ३८ होते. एप्रिल-मेमध्ये पाण्यावर पंखा लावलात तर इंच आटायला वेळ लागत नाही. काचेवर पट्टी चिकटवून रेघ करा आणि रोज रेघेपर्यंत भर घाला, पण बिनमिठाच्या आरओ पाण्याची.

मासे आणण्याआधी टाकी चार ते सहा आठवडे नुसती चालवा, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू तीत वाढतील. अमोनिया आणि त्यापासून बनणारं नायट्राइट हे दुसरं विष, दोन्ही चाचणीत शून्य आले की मगच मासा. चाचणीचे आकडे मुलीला वहीत लिहू द्या, माझ्या भाचीने लिहिले होते. जुनी दोन फुटी टाकी मोडीत काढू नका. नवा मासा महिनाभर वेगळा ठेवायला ती अगदी योग्य आहे.

प्रश्न : आमची चार फुटी खाऱ्या पाण्याची टाकी आहे. पावसात रात्र-रात्र वीज जाते. काय करावं?
– एक वाचक, काणकोण

उत्तर : खाऱ्या पाण्यात प्राणवायू गोड्या पाण्यापेक्षा सुमारे एक पंचमांशाने कमी मावतो, म्हणून पहिली काळजी हवेची. बॅटरीवर चालणारे दोन एअर पंप घरात हवेतच, एक बिघडला तर दुसरा. इन्व्हर्टर असेल तर त्यावर फक्त पाणी हलवणारा पंप ठेवा, दिवे नको. वीज येईपर्यंत खाणं घालू नका. आणि बंद डब्याचा फिल्टर काही तास बंद राहिला असेल तर आतलं साचलेलं पाणी ओतून टाकल्याशिवाय तो सुरू करू नका. ते घाण पाणी टाकीत गेलं तर अंधारात वाचलेले मासे उजेडात मरतात.

प्रश्न : बायणा किनाऱ्यावर रापणीच्या जाळ्यात समुद्रघोडा मिळाला. बादलीत जिवंत आहे. केवढी टाकी घेऊ?
– एक वाचक, वास्को

उत्तर : टाकी घेऊ नका. समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. ते पकडून घरी ठेवता येत नाहीत. समुद्रातला समुद्रघोडा मेलेलं खाणं सहसा तोंडात घेत नाही, तेव्हा घरी तो उपाशीच मरेल. बादलीवर ओलं फडकं टाका, भरतीची वाट बघत बसू नका, आणि जिथे रापण ओढली त्याच्या थोडं बाजूला, गुडघाभर पाण्यात जाऊन हातानं सोडा. वरून फेकू नका.